घरदुरुस्ती : रंग दिल्यावर चिकटणारी कपाटाची दारे

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळचे दोन झडपांचे सागवानी कपाट आहे. गौरी-गणपतीच्या आधी ते उजळावे म्हणून जुन्या ऑइल पेंटवर पॉलिश पेपर फिरवला आणि भिंतींच्या कामातून उरलेल्या प्लास्टिक पेंटचे तीन हात घरीच दिले. दुसऱ्या दिवशी रंग हाताला कोरडा लागला, म्हणून दारे लावून टाकली. आता ती उघडताना चर्रर आवाज होतो, कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघून चौकटीला चिकटून राहतो आणि एक दार खालच्या कोपऱ्यात घासतेही. सुतार रंधा मारू म्हणतो, रंगारी आणखी एक हात देऊ म्हणतो. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. रंगाला रंग चिकटणे ही एक आणि लाकूड लाकडाला घासणे ही दुसरी. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

आधी चिकटण्याविषयी. पाण्यात मिसळणाऱ्या रंगातले पाणी उडून गेले की तो हाताला कोरडा लागतो, परंतु त्यातील राळेचे बारीक कण एकमेकांत मिसळून पापुद्रा पक्का होण्यास पुढे दोन-चार आठवडे लागतात, आणि साताऱ्याच्या पावसाळी दमट हवेत तर त्याहूनही अधिक. या काळात रंगवलेल्या दोन कडा एकमेकींवर दाबून राहिल्या, तर त्यांचे पापुद्रे जुळून एकच होतात. त्यातून आपण वापरलेला रंग भिंतीसाठीचा. भिंतीला कशावर दाबून बसायचे नसते, म्हणून तो मुळातच मऊ ठेवलेला असतो. महिना उलटला तरी उकाड्यात तो पुन्हा थोडा चिकट होऊ शकतो. लाकडी सामानासाठी इनॅमल, म्हणजे कडक वाळणारा रंग, घ्यावे, मग ते तेलाचे असो वा पाण्याचे. तेलाच्या इनॅमलमध्ये मात्र टर्पेंटाइनऐवजी घासलेट घालण्याची काही रंगाऱ्यांची सवय आहे, ती खपवून घेऊ नये. घासलेट सावकाश उडते आणि रंग कितीतरी दिवस ओलसर राहतो.

दार अडकलेले असताना मूठ धरून हिसका देऊ नये. भर दुपारी रंग मऊ असतो, म्हणून सकाळच्या गारव्यात फटीतून कटरचे पाते हलक्या हाताने फिरवावे आणि मग पातळ पोलादी पट्टी सरकवत दार मोकळे करावे. त्यानंतर दारे रात्रंदिवस उघडी ठेवून खोलीत पंखा चालू ठेवावा. कपाटातील कपडे काही दिवस ट्रंकेत गेले तर बिघडत नाही. मधूनमधून आतल्या कडेवर नख दाबून पाहावे. नखाचा वण उमटत असेल तर रंग अजून कच्चा आहे. त्यावर पॉलिश पेपर घासला तर कागद चोंदतो आणि रंगाच्या गोळ्या निघतात, कड साफ होत नाही.

रंग कडक झाल्यावर जिथे दार चौकटीला टेकते, तेवढ्याच पट्ट्यांवर १८० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून फिरवावा, रंगाचा थर उतरवावा आणि ३२० नंबरने गुळगुळीत करावे. तीन नवे हात आणि त्याखालचे जुने थर, तेही दाराच्या कडेवर आणि चौकटीवर असे दोन्हीकडे, यामुळे फट बुजलेली असते. बहुतेक वेळा एवढ्यानेच दार सुटते. उघड्या पडलेल्या लाकडावर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक पातळ हात अवश्य द्यावा, कारण कोरे लाकूड पावसाळ्यात ओल शोषते. तो वाळल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वार्निशचा पातळ हात दिल्यास कड टणक होते. कपाट पांढरे असेल तर तेलाचे वार्निश टाळावे, ते काही काळाने पिवळे पडते. दार टेकते तिथे चौकटीवर फेल्टच्या किंवा रबराच्या छोट्या चकत्या लावल्या की रंगाला रंग भिडतच नाही, आणि माझ्या मते एवढ्या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय हाच.

शंखजिऱ्याची पूड किंवा साधी टाल्कम पावडर कडेला चोळल्यास चार दिवस आराम पडतो, त्याहून जास्त नाही. मेणबत्ती घासणे अधिक टिकते. मात्र मेण लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, म्हणून ते सगळे काम संपल्यावर, अगदी शेवटी करावे.

आता खालचा कोपरा. तिथे रंधा मारण्यापूर्वी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहावेत. ते ढिले झाले की दार बाहेरच्या बाजूने खाली झुकते. स्क्रू फिरतच राहत असेल तर भोकात सरसात बुडवलेली बांबूची काडी ठोकून, ती वाळल्यावर स्क्रू पुन्हा आवळावा. बिजागरीच्या सांध्यावर रंग बसला असेल तर तोही खरवडून काढावा. याउपर दार घासत असेल, तर कडेला खडू फासून ते लावावे. खडू जिथे पुसला जाईल तेवढीच जागा भिजवलेल्या वॉटर पेपरने उतरवावी. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी फुगते, पण फुगते; ते रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. भाद्रपदात रंधा मारून बसवलेले दार चैत्रात फट दाखवते, म्हणून रंध्याचा निर्णय हिवाळ्यानंतर घ्यावा.

आपल्या पत्रातील एक गोष्ट मात्र मला खटकते. रंग पापुद्र्यासारखा निघतो म्हणजे जुन्या तेलाच्या रंगाला तो नीट धरलेलाच नाही. दाराच्या मधल्या भागावर ब्लेडने फुली मारून त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. रंग पट्टीबरोबर आला, तर कडांची डागडुजी व्यर्थ आहे; सगळा नवा रंग काढून, सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा धुऊन, प्रायमरपासून सुरुवात करावी लागेल. जुना थर मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि आजोबांच्या काळच्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता आहे. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, तोंडाला मास्क लावावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरातील ओट्याखालची दारे २०१९च्या महापुरात भिजली होती. वाळवून रंगवली, तेव्हापासून ती खालून अडकतात. कडा घासल्या तर बसतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दारे भुशाच्या दाबीव बोर्डाची असतील तर बसणार नाहीत. असा बोर्ड पाण्याने एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीवर येत नाही, आणि घासल्यास आतला भुसा उघडा पडून पुढच्या ओलीला वाट मिळते. तेवढी दारे बदलावीत, आणि नवी घेताना पाण्याला टिकणारे मरीन प्लाय घेऊन त्याची खालची कड बसवण्यापूर्वीच रंगवून बंद करावी.