जर्मन फुटबॉलमध्ये रेगिओनालिगा जिंकूनही संघ वरच्या लीगमध्ये का जात नाही?

कारण गणितच जुळत नाही. रेगिओनालिगा हा चौथा स्तर आणि तिचे विभाग पाच: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बायर्न. म्हणजे विजेतेही पाच, पण वरच्या तिसऱ्या लीगमध्ये जागा फक्त चार. त्यामुळे तीन विजेते थेट चढतात आणि उरलेल्या दोघांत दोन सामन्यांची झुंज होते. २०१८ पर्यंत तर जागा तीनच होत्या!

यात चांगलाच पोळलेला एक संघ म्हणजे लोकोमोटिव्ह लाइपझिग. कोविडमुळे २०१९-२०चा हंगाम अर्ध्यात थांबला, ईशान्य विभागातून हेच पुढे गेले. समोर पश्चिमेचा फेर्ल. घरी २-२, परतीला १-१. एकही सामना न हरता, केवळ प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलांच्या नियमाने (एकूण बरोबरी झाली, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) बाद! (फेर्ल विजेतासुद्धा नव्हता; पहिल्या आलेल्या र्‍योडिंगहाउझेनने तिसऱ्या लीगच्या परवान्यासाठी अर्जच केला नव्हता.) २०२४-२५ मध्ये लोकोमोटिव्ह पुन्हा विजेता, पुन्हा तीच झुंज, आणि या वेळी हॅनोव्हरजवळच्या छोट्या हाफेल्झेकडून हार.

वर्षभर घाम गाळून पहिलं यायचं आणि दोन सामन्यांत सगळं पाण्यात, हे मला तरी अन्यायाचंच वाटतं. आणि लोकोमोटिव्ह हा क्लब तर १९८७ मध्ये युरोपियन कप विनर्स कपची (देशोदेशीच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेची) अंतिम फेरी खेळलेला आहे.