निखारे घालू का त्या चिनी धूपदाणीत?

प्रश्न : दादा नमस्कार, आमच्या आजोबांनी मुंबईहून आणलेली चिनी मातीची धूपदाणी घरात आहे, तीन पाय, हिरवट रंग, अंगावर बारीक भेगांची जाळी. २०१९ च्या पुरात गाळात गेली होती, तेव्हा नुसती धुवून ठेवली, पण जाळीत गाळ बसलाय. पितांबरीनं घासू का? आणि गुरुवारी धूप घालायला वापरली तर चालेल का?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : पितांबरी नको, चिंच नको, ब्लीच तर अजिबात नको! ती जाळी म्हणजे वस्तू फुटलीय असं नाही, भट्टीतून निघून थंड होताना वरची काच, म्हणजे तो चकचकीत लेप, आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते म्हणून ती पडते. कोमट पाणी, मऊ ब्रश, हलक्या हातानं, बास. आणि बादलीत भिजत घालू नका, कारण जुनी वस्तू कधीतरी चिकटवलेली असली तर तो सांधा सुटतो.

आता ती उलटी करा, खाली उशी घेऊन. पायांच्या टोकाला जिथं काच लागलेली नाही तिथं माती तांबूस दिसतीय का? चीनच्या चेजियांग प्रांतातल्या लोंगच्वानच्या हिरव्या भांड्यांना असा तांबूसपणा येतो, मातीतल्या लोखंडाला भट्टी थंड होताना हवा लागते म्हणून. तो काचेच्या कडेशी हळूहळू विरत जातो. ब्रशनं ओढल्यासारखी सारख्या जाडीची रेघ दिसली तर मला नकलेची शंका येईल. पोटात काच नसेल तर घाबरू नका, तिथं राखच भरायची असते.

निखाऱ्यांचं मात्र ऐका. आपल्या धुपाटण्यात आपण रसरशीत निखारे थेट टाकतो, पितळ ते सोसतं, पण ही तडकेल. चिनी लोक आधी चाळलेली राख भरून तिच्यात उदबत्त्या खोचायचे. तुम्हीही राख भरून एखादी उदबत्ती लावा, पण खरं सांगू का, मी असतो तर तेवढंही केलं नसतं.

प्रश्न : एका चिनी धूपदाणीच्या तळाला सहा चिनी अक्षरं आहेत, विकणारा म्हणतोय शुआंद बादशहाच्या काळातली, घेऊ का?
– कराड

उत्तर : अक्षरांवर पैसे देऊ नका. शुआंद हा चीनच्या मिंग घराण्यातला बादशहा, त्याचा काळ १४२६ ते १४३५, पण तळाला त्याचं नाव पुढं शेकडो वर्षं घालत राहिले, कधी जुन्याचा मान म्हणून, कधी फसवायला. मीही एकदा अशाच सहा अक्षरांवर भाळून धूपदाणी घेतली होती, घरी भिंग लावलं तर ओरखडे सगळे एकाच दिशेनं, म्हणजे पॉलिशपेपर मारून जुनी केलेली. खऱ्या वापराचे ओरखडे आडवेतिडवे असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, आधी तिथं एक दिवस काढा, नजर बसू दे. आणि १०० वर्षांच्या वरची निघाली तर १९७२ च्या कायद्यानं ती परदेशी नेता येत नाही, घरातलं कुणी बाहेर असेल तर हे आत्ताच सांगून ठेवा.