जोडफुलाचं कूळ कोणतं?

प्रश्न : सर, माझी भाची स्वीडनला असते. तिथल्या पाइनच्या रानातून तिने एका इवल्या फुलाचा फोटो पाठवला. एका देठाला दोन गुलाबी घंटा! नाव लिनिया बोरिआलिस. एका पुस्तकात कूळ लिनिएसी दिलंय, दुसऱ्यात कॅप्रिफोलिएसी. खरं कुठलं? आणि चोर्ला घाटात ते रुजेल का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, कॅप्रिफोलिएसी धरा. पहिलं पुस्तकही चुकीचं नव्हे, तो मधल्या काळाचा हिशेब आहे.

वनस्पतींचं वर्गीकरण करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांचं हे आवडतं फूल, त्यांच्याच नावाचं. ते वर्ग पाडायचे पुंकेसरांवरून. लिनियाला पुंकेसर चार, दोन लांब नि दोन आखूड. म्हणून १७५३ साली त्यांनी तिला बसवलं त्याच वर्गात आपला तीळही होता! फोंड्याला शिकवत असताना मी तिळाचं फूल उकलून मुलांना हे दाखवायचो. पुढे नातं ठरवायच्या खुणा बदलल्या आणि लिनिया हनीसकलच्या कुळात, म्हणजे कॅप्रिफोलिएसीत गेली. (हनीसकल म्हणजे आपली मधुमालती नव्हे. ती किंदळ-हरड्याच्या कुळातली.) १९९८ मध्ये लिनिएसी वेगळं काढलं, २००९ च्या एपीजी वर्गीकरणाने (डीएनएवरून फुलझाडांची कुळं लावणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाचं) ते पुन्हा कॅप्रिफोलिएसीत घेतलं.

वनस्पती मात्र तीच. स्कँडिनेव्हिया, सायबेरिया, उत्तर जपान, अलास्का, कॅनडा अशी ती उत्तर ध्रुवाभोवती पसरली आहे, खाली आल्प्सपर्यंत. उपप्रजाती तीन मानतात. भाचीची ती बोरिआलिस, युरोप-आशियातली. अमेरिकाना नि लाँगिफ्लोरा या उत्तर अमेरिकेतल्या.

चोर्ल्याला नको, ताई. थंड रानातलं, शेवाळावर सरपटणारं रोप आहे ते. आपल्या उकाड्यात त्याचा जीव जाईल.

मला काळजी वाटते ती स्कॉटलंडच्या लिनियाची. सरपटत मुळं धरत गेल्याने अख्खा पुंजका बहुधा एकाच रोपाचा असतो, आणि या फुलाला स्वतःचे पराग चालत नाहीत. रानं तुटली, पुंजके एकमेकांपासून लांब पडले. फुलं भरपूर येतात, बी क्वचित धरतं.

भाचीला एक काम सांगा. फुलं सरल्यावर त्याच जागी पुन्हा फिरून यायचं. फळाला चिकट केसांची पानं बिलगलेली असतात, आपल्या आघाड्यासारखी ती कपड्यांना धरतात. मोज्यांवर फळं सापडली आणि त्यांत बी भरलेलं असलं, तर जवळपास दुसरं रोप आहे. मला नक्की कळवा.