टेक्सासच्या शाळेतला बंदूकवाला

लातूरच्या एका भाऊंनी विचारलंय: डॅलसला नोकरी लागली, पोरगी दुसरीत जाणार, तिथं शाळेत बंदूक घेऊन माणूस असतो म्हणे, खरं का? आणि त्याला ठेवतं कोण?

खरं आहे, भाऊ. मी उदगीरचा, इथं नऊ वर्षं झाली. आमच्या शाळेचा सगळा बंदोबस्त म्हणजे घंटा देणारे शिपाईमामा. त्यामुळं लेकीला पहिल्या दिवशी सोडायला गेलो तर माझी नजर त्या पोलिसाच्या कमरेवरून हटेना. ती मात्र त्याला टाळी देऊन आत पळाली.

मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत १९ लेकरं आणि २ शिक्षिका गोळीबारात गेल्या. पोलीस आत पोचले होते, तरी वर्गात शिरायला त्यांना तासाच्या वर लागला, हे विसरू नका. त्यानंतर राज्यानं कायदा केला: १ सप्टेंबर २०२३ पासून प्रत्येक सरकारी शाळेत, शाळेच्या वेळेत, निदान एक हत्यारबंद अधिकारी हवाच. पैसे मात्र सुरुवातीला शाळेमागं वर्षाला १५,००० डॉलर आणि पोरामागं १०. एवढ्यात पोलिसाचा पगार कुठं निघतो?

म्हणून कायद्यातच ‘गुड कॉज एक्सेप्शन’, म्हणजे सबळ कारण असेल तर सूट, आहे. पैसा किंवा माणूस मिळत नसेल तर स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बोर्डानं तसा ठराव करून दुसरी सोय करायची. म्हणजे बऱ्याचदा शाळेतल्याच कर्मचाऱ्याकडं पिस्तूल. त्यातल्या ‘स्कूल मार्शल’ला ८० तासांचं प्रशिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. तो कोण, हे गुप्त असतं. पण आपल्या शाळेत मार्शल आहे का, एवढं पालकानं लेखी विचारलं तर डिस्ट्रिक्टला लेखी उत्तर द्यावंच लागतं. हे इथल्या आपल्या लोकांनाही माहीत नसतं.

तेव्हा घर भाड्यानं घेण्याआधीच त्या डिस्ट्रिक्टला विचारा: पोलीस तुमचे स्वतःचे, शहराकडून आलेले, का एक्सेप्शन घेतलंय? शाळा पत्त्यावर ठरते. सही केल्यावर विचारून उपयोग नाही. कॅलिफोर्नियात गेला असता तर गोष्ट वेगळी, तिथं शिक्षकांना शाळेत बंदूक आणू देत नाहीत.

बंदुकीची सवय होते. मला जड गेलं ते लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे बंदूकवाला घुसला तर वर्गात गुपचूप लपायचा सराव. पहिलीत असताना लेकीनं घरी येऊन दिवा मालवला, आजीला सोफ्यामागं बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. माझी आई गुडघे धरून बसली, लपंडाव आहे असं समजून.