इंग्रजी मालिका आणि यूट्यूब बघून खरंच इंग्रजी शिकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, ईमेल वाचता-लिहिता येतात, पण परदेशी माणूस बोलायला लागला की निम्मं डोक्यावरून जातं. मालिका आणि यूट्यूब बघून हे सुधारेल का, कोणत्या मालिका बघू, आणि खाली हिंदी-मराठी ओळी (सबटायटल्स) लावल्या तर चालेल का, असे तीन प्रश्न आहेत तुमचे.

सुधारेल. फक्त मी पहिली तीन वर्षं जसं बघितलं तसं बघू नका.

मी बार्शीची. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तेव्हा मी दहावीत होते. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. सर धडा वाचायचे, लगेच मराठीत अर्थ सांगायचे, आणि आम्ही तो पेन्सिलीने शब्दांच्या डोक्यावर लिहून घ्यायचो. व्याकरण पक्कं, भाषांतर पक्कं, दहावीला मार्कही चांगले. अस्सल तर्खडकरी इंग्रजी. पण त्या सहा वर्षांत इंग्रजी ही ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाने बोललेलं एक वाक्यसुद्धा माझ्या कानावर पडलं नव्हतं.

डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला लागले तेव्हा कर्वेनगरच्या होस्टेलवर एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कमध्ये 'फ्रेंड्स'चे दहाच्या दहा सीझन होते. रोज रात्री जेवण झालं की आम्ही चौघीजणी एका लॅपटॉपसमोर. खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या मी भराभर वाचायचे. मालिकेतला हशा ऐकू आला की मीही हसायचे, जरा उशिराच. इंग्रजी सुधारतंय अशी माझी ठाम समजूत होती. पुढे एका सीझनला खालच्या ओळीच नव्हत्या. पाच मिनिटांत मी हरवले. तीन सीझन मी मालिका ऐकत नव्हते, वाचत होते! पण त्यातून धडा घेण्याऐवजी आम्ही तो सीझन सोडून सरळ पुढचा लावला.

धडा मिळाला तो कंपनीत. मी डिस्पॅचला होते आणि अमेरिकेतल्या ग्राहकाशी संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. एकदा पलीकडचा माणूस दुसऱ्या लॉटबद्दल काहीतरी म्हणाला. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं, 'वी कॅन टेक द सेकंड लॉट धिस मंथ.' मी 'येस, शुअर' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी अकरा खोकी विमानाने रवाना केली. तो म्हणाला होता, 'वी कान्ट.' पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. विमानाचं भाडं काय असतं ते डिस्पॅचमधल्या कुणालाही विचारा.

क्वालिटीतले एक काका बरीच वर्षं तिकडे राहून आले होते. त्यांनी एकच विचारलं, 'अगं, तो कॅन कसा म्हणाला? ठसठशीत?' म्हटलं, हो, अगदी स्पष्ट. काका म्हणाले, 'मग ते कान्टच होतं.'

हे कोड्यासारखं वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे. अमेरिकन माणूस 'करू शकतो' म्हणताना त्या शब्दावर जोर देत नाही. तो जवळजवळ गिळतो: 'वी क्न टेक.' 'करू शकत नाही' म्हणताना मात्र पूर्ण 'कॅ' उच्चारतो आणि शेवटचा ट जिभेवरच थांबवतो, बाहेर सोडत नाही. म्हणजे आपल्या कानाला जे 'कॅन' म्हणून स्पष्ट ऐकू येतं, ते बहुतेक वेळा नकार असतं. इंग्लंडातले लोक स्वच्छ 'कान्ट' म्हणतात, तिथे हा घोटाळा कमी.

आपण मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजी तसं चालत नाही. वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर वजन पडतं आणि उरलेले शब्द त्यांच्या मधल्या फटींत कोंबले जातात. कोंबले जाणारे शब्द कोणते? नेमके तेच, जे शाळेत आपण ठणठणीत वाचले: टू, फॉर, ऑफ, अँड, हॅव. 'कप ऑफ टी'चा 'कपअटी' होतो. 'ब्रेड अँड बटर'मधला अँड नुसता 'न्' उरतो. 'शुड हॅव' म्हणजे 'शुडव'. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू ईट' हे सहा शब्द आपण मोजून म्हणतो, ते म्हणतात 'व्हड्य वॉना ईट'. त्यात अमेरिकन माणसाचा ट दोन स्वरांच्या मध्ये आला की ड आणि र यांच्या मधलं काहीतरी होतं, म्हणून रायटर आणि रायडर कानाला सारखेच लागतात. तुम्हाला शब्द येत नाहीत असं नाही. येणारेच शब्द वेश बदलून येतात आणि ओळख पटत नाही.

मग मी एक वही केली. रोज कंपनीची बस यायच्या आधी वीस मिनिटं. एका भागातला फक्त दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचा. ओळी बंद. आणि जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहायचं, रोमन लिपीत नाही. रोमनमध्ये लिहायला गेलं की हात आपोआप शाळेतलं स्पेलिंग लिहितो आणि कानाने काय ऐकलं ते पुसलं जातं. देवनागरीत तुम्ही कानाशी प्रामाणिक राहता. अर्थ लागो न लागो, 'आयमना' ऐकू आलं तर 'आयमना' लिहायचं. तीन-चारदा ऐकून झालं की मग ओळी लावायच्या आणि शेजारी खरं वाक्य लिहायचं. 'आयमना' म्हणजे 'आय ॲम गोइंग टू' हे ज्या दिवशी तुम्हाला स्वतःला सापडतं, त्यानंतर ते पुन्हा कधी निसटत नाही. कुणी आयतं सांगितलेलं निसटतं. (म्हणजे मी आत्ता सांगितलेलंही निसटेल. वही कराच.)

देवनागरीच्याही मर्यादा आहेत. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू वेगळे आहेत, आपल्याकडे दोन्हींना एकच व. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. मी वहीत डब्ल्यूच्या 'व'खाली टिंब द्यायचे. तुम्ही तुमची खूण ठरवा.

शेवटची पायरी म्हणजे तेच वाक्य त्या पात्राच्या सोबत, त्याच वेगाने आणि त्याच चालीत म्हणायचं. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून मी फोन उशीखाली ठेवला होता. ही पायरी मात्र वगळू नका. टीव्ही तुम्हाला उलट प्रश्न विचारत नाही, नुसतं बघून कान तयार होतो, तोंड नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट: शब्दाच्या सुरुवातीचे त्यांचे प, ट, क हवेचा झोत सोडून येतात. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पेन' म्हणा. पट्टी हलली नाही तर समोरच्याला 'बेन' ऐकू येण्याची शक्यता आहे.

आता मालिकांचं. लाज बाजूला ठेवा आणि 'पेपा पिग'पासून सुरुवात करा. पाच मिनिटांचा भाग, छोटी वाक्यं, घरातल्या गोष्टी. मी भाचीच्या निमित्ताने बघायचे, भाची झोपली तरी बघायचे. त्यानंतर 'एक्स्ट्रा' नावाची एक ब्रिटिश मालिका आहे, २००२ ते २००४ मधली, तीस भागांची, मुद्दाम इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच केलेली. अर्जेंटिनातून लंडनला आलेला हेक्टर मोडकंतोडकं इंग्रजी बोलत बोलत शिकतो. विनोद बाळबोध आहे, पण वाक्यं स्पष्ट आणि सावकाश आहेत.

मग 'फ्रेंड्स'. १९९४ ते २००४, २३६ भाग, साधारण बावीस मिनिटांचा एक. लोक हिचं नाव सांगतात ते उगाच नाही. सहाच माणसं, दोन घरं, एक कॉफी शॉप. तेच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतात, म्हणून कान लवकर रुळतो. भाडं, नोकरी, भांडण, माफी, चहाटळपणा, सगळं रोजचं. त्यातला चँडलर वाक्यात भलत्याच शब्दावर जोर देऊन विनोद करतो, त्याच्याकडून वजन म्हणजे काय ते जेवढं कळतं तेवढं कुठल्याही पुस्तकातून मला कळलं नाही. तोटा एवढाच की त्या काळच्या अमेरिकेतले संदर्भ येतात. ते सोडून द्या, तिथे अडून बसू नका.

'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया' मला फार उपयोगी पडली. समोर माणूस कांदा परततोय आणि तोंडाने तेच सांगतोय, शब्दकोश उघडायची गरजच नाही. शिवाय परीक्षक चुका कशा सांगतात ते ऐका. समोरच्याला न दुखवता 'हे जमलेलं नाही' कसं म्हणायचं, ऑफिसमध्ये सगळ्यात जास्त तेच लागतं. डेव्हिड ॲटनबरो यांचे निसर्गपट ऐकायला सुंदर आणि सावकाश आहेत, सुरुवातीला आत्मविश्वास देतात, पण ते निवेदन आहे, संभाषण नाही. त्यावर भागेल असं समजू नका.

'गेम ऑफ थ्रोन्स' मजेसाठी बघा. तसं इंग्रजी बोलून कुणी पर्चेस ऑर्डर काढत नाही. 'येस मिनिस्टर' माझी लाडकी आहे, पण त्यातले बडे सरकारी अधिकारी सर हम्फ्री समोरच्याला कळू नये म्हणूनच बोलतात, त्यामुळे ती वर्षभराने. आणि 'माइंड युअर लँग्वेज', जिच्यावर आपल्याकडे पंकज कपूरची 'जबान संभालके' आली होती, ती शिकण्यासाठी नका बघू. वर्गातले सगळे विद्यार्थी चुकीचंच बोलतात आणि विनोद त्याच चुकांचा आहे. इंग्रजी चुकणाऱ्याला हसायची सवय मला तरी परवडणारी नव्हती.

यूट्यूबवर '३० दिवसांत फाडफाड इंग्रजी' छापाच्या व्हिडिओंचा पूर आहे. त्यात मराठी ऐकायला मिळतं, इंग्रजी फार थोडं. त्यापेक्षा 'बीबीसी लर्निंग इंग्लिश'चं 'सिक्स मिनिट इंग्लिश' घ्या. दोघंजण गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि शेवटी उत्तर देतात, आणि सगळं संभाषण लिहिलेलंही फुकट मिळतं, म्हणजे वही पडताळायची सोय. हेही जड जात असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी प्रसारण संस्थेच्या, शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजीचे जुने भाग ऐका. १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' नावाने सुरू झालेली ही कल्पना साधी होती: सुमारे १५०० शब्दांत आणि संथ गतीने बातम्या. एखाद्या शब्दाचा उच्चार खटकला तर 'यूग्लिश'वर टाका, खऱ्या माणसांनी खऱ्या बोलण्यात तो शब्द वापरलेले यूट्यूबचे तुकडे एकामागून एक ऐकवतं. यूट्यूबचा वेग ०.७५ करता येतो, पण त्याची सवय लावून घेऊ नका, फोनवरचा ग्राहक ०.७५ने बोलत नाही. आणि आपोआप तयार झालेल्या ओळींवर डोळे झाकून विश्वास नको. कॅन-कान्टमध्ये त्याही फसतात.

खाली हिंदी-मराठी ओळी? नको. मराठी अक्षरं समोर आली की डोळा ती वाचणारच आणि कान झोपणार. गोष्ट कळावी म्हणून पहिल्यांदा इंग्रजी ओळी लावून पूर्ण भाग बघा, हरकत नाही. मग त्यातलीच दोन मिनिटं वहीसाठी घ्या, ओळी बंद करून.

किती दिवस लागतील ते तुमच्या नेमावर आहे. मला फोनवरचं बोलणं न घाबरता कळायला साधारण आठ महिने लागले. मध्ये थोडा अतिरेकही झाला. दिवाळीला घरी गेले आणि सवयीने 'वॉडर' म्हणाले, तर आई म्हणाली, 'पाणी म्हण की.' त्यांच्यासारखं बोलायची गरज नाही, त्यांचं कळलं पाहिजे आणि आपलं त्यांना कळलं पाहिजे.

कॅन-कान्टची खात्री मला अजूनही दरवेळी नसते. म्हणून तेव्हापासून मी एक करते, पैशांचा किंवा मालाचा विषय असेल तर उलट विचारते. त्याच ग्राहकाशी पुन्हा बोलणं झालं तेव्हा तो लॉटबद्दल काहीतरी म्हणाला आणि मी विचारलं, 'सो, इज दॅट अ येस ऑर अ नो?' तो हसून म्हणाला, 'येस, इट्स अ नो.'