सोळाव्या वर्षी लायसन्स काढणाऱ्यांसाठी

अरे, सोळा पूर्ण झाले म्हणून लायसन्स मिळतं हे खरंय, पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, तेही आईवडिलांची संमती असेल तरच, आणि घरची अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीची असते म्हणजे ती त्यात बसतच नाही. क्लासला नेतोच की सगळे, असं म्हणू नकोस. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि तुला स्वतःला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही! बाबांना यात अडकवू नकोस रे, खरंच.

अठरा झाले की सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) आधारने लर्निंग म्हणजे शिकाऊ लायसन्स काढ, ते ६ महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तोवर पुढेमागे लाल एल लाव आणि कारमध्ये शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच, टू व्हीलरवर मागे मित्र अजिबात नको. एजंटच्या भरवशावर टेस्टला जाऊ नकोस, रिव्हर्सची प्रॅक्टिस भरपूर कर, बरेच जण तिथेच अडकतात.