जुनं नाशिक आधी, वाइन नंतर

मित्रांसोबत जाताय ना? मग क्रम उलटा करू नका. सकाळी ७ला रामकुंड, तिथून चालत काळाराम मंदिर (१९३०चा मंदिरप्रवेश सत्याग्रह इथलाच), मग पूल ओलांडून भांडीबाजार, सराफबाजार. गाडी आत घालू नका. बोळात समोरून टेम्पो आला की अर्धा तास गेलाच. घाटावर दुतोंड्या मारुती नीट बघा. गोदेच्या पुराचं माप नाशिककर त्याच्यावरूनच सांगतात: पाणी गुडघ्याला की कमरेला. पावसाळ्यात तिथल्या ओल्या पायऱ्यांवर पाय सटकतो.

गंगापूर धरणाकडच्या वायनरीत दुपारी जा, मिसळ खाऊन. रिकाम्यापोटी चव घेतली की चढते. द्राक्षतोडणी बघायची तर जानेवारी ते मार्च. ड्राय डे आधी तपासा आणि न पिणारा चालक निघतानाच ठरवा.